ठाणे परिसरात एल्डरबेरी: गच्चीत लावता येते, वीस गुंठ्यांत लावू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोलशेतला आपले घर आहे आणि वरची गच्ची वापरायला मिळते. मुरबाडजवळ वीस गुंठे वडिलोपार्जित जमीन पडून आहे. औषधाच्या दुकानांत एल्डरबेरीचे सिरप आणि चघळायच्या गोळ्या बऱ्याच चढ्या भावाने विकल्या जातात. तेव्हा हे झुडूप आपल्याकडे लागेल का, बिया ऑनलाइन मागवाव्यात की रोप आणावे, आणि वीस गुंठ्यांतून काही उत्पन्न निघेल का, असे आपण विचारले आहे.

उत्तर आधी देतो आणि कारणे मग सांगतो. गच्चीत एक-दोन झुडपे हौसेने जरूर लावा. फुले चांगली येतील आणि थोडी फळेही मिळतील. वीस गुंठ्यांत मात्र याची लागवड करू नका. ठाणे आणि नवी मुंबईत लोकांच्या बागा व शेते लावून देण्याचे काम मी बावीस वर्षे करत आहे आणि माझ्या नेरूळच्या गच्चीत गेली सहा वर्षे एल्डरबेरीचे एक झुडूप आहे, त्यामुळे पुढचे बरेचसे त्या झुडपाने शिकवलेले आहे.

प्रथम जात नक्की करू, कारण अर्धे अपयश तिथेच ठरते. एल्डरबेरी म्हणजे सॅम्ब्युकस या प्रजातीतील झुडपे. युरोपात सिरप, मद्य आणि जॅम ज्यापासून होतात ते सॅम्ब्युकस नायग्रा हे झुडूप हिवाळ्यात पाने गाळून झोपते आणि दीर्घ थंडी अनुभवल्याखेरीज नीट बहरत नाही. आपल्या जानेवारीत ठाण्याचा रात्रीचा पारा पंधरा-सोळा अंशांच्या आसपास राहतो, मुरबाड-बदलापूरकडे काही रात्री तो दहा-बारापर्यंत उतरतो, आणि एवढ्या थंडीने या झुडपाची झोपही धड लागत नाही. अमेरिकेतील सॅम्ब्युकस कॅनाडेन्सिसची गोष्ट वेगळी आहे. त्याचा मूळ प्रदेश कॅनडापासून थेट फ्लोरिडापर्यंत पसरलेला आहे, फ्लोरिडाच्या उष्ण व दमट भागात ते जवळजवळ सदाहरित राहते आणि वर्षातून अनेकदा फुलते. शिवाय त्याला त्याच वर्षी आलेल्या कोवळ्या फांदीवर फुले येतात, म्हणजे फांदी जुनी होण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्यासाठी विचार करायचा तो याच जातीचा. अॅडम्स, यॉर्क, बॉब गॉर्डन, वाइल्डवुड ही नावे आपण वाचली असतील. ती याच अमेरिकी जातीची निवडक वाणे आहेत.

बियांच्या मागे लागू नका. या बियांना दुहेरी सुप्तावस्था असते: आधी दोन-तीन महिने उबदार ओलाव्यात आणि नंतर तीन ते पाच महिने फ्रिजमधल्या थंडाव्यात ठेवल्यावर त्या रुजतात, आणि एवढे करूनही काही बिया दुसऱ्या वर्षापर्यंत डोके वर काढत नाहीत. ऑनलाइन मिळणाऱ्या पुड्यांतून काय उगवेल याची खात्री नसते, ती गोष्ट निराळीच. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना बॅगेत काड्या किंवा बिया आणायला सांगण्याचा मोहही आवरावा. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ प्रमाणे लागवडीचे साहित्य आणण्यासाठी आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. नियम जाचक वाटला तरी परक्या किडी आणि रोग असेच शिरतात, हे विसरता येत नाही.

राहिले रोप. दक्षिणेतल्या थंड हवेच्या ठिकाणच्या बागांत हे झुडूप शोभेसाठी लावलेले आढळते आणि तिथल्या रोपवाटिकांतून ते मिळू शकते. मात्र पाहून घ्या. माझ्या पहिल्या खरेदीत मी साफ फसलो. एका रोपवाटिकेतून एल्डर म्हणून आणलेले रोप मी वर्षभर कौतुकाने वाढवले, आणि एके सकाळी त्याला पिवळीधमक घंटेसारखी फुले आली. तो टिकोमा होता, जो ठाण्यात रस्ता दुभाजकांवर जागोजागी दिसतो. इंग्रजीत टिकोमाला 'यलो एल्डर' म्हणतात आणि दोन्हींची पाने समोरासमोर, दातेरी पर्णिकांची असल्याने गोंधळ होणे साहजिक आहे. पण बावीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या माणसाला ते शोभले नाही. ओळखायची सोपी रीत अशी आहे की पेन्सिलीएवढी जाड काडी आडवी कापून पाहावी. खऱ्या एल्डरच्या काडीत लाकडाचे कडे पातळ असते आणि आत पांढराशुभ्र, स्पंजासारखा मऊ गाभा भरलेला असतो, जो काडेपेटीतल्या काडीने ढकलला तरी दबतो. शाळेत स्थिरविद्युतेच्या प्रयोगात दोऱ्याला टांगलेली हलकी गोळी पाहिली असेल, ती पूर्वी याच गाभ्याची करत. सालीवर बारीक पुळ्यांसारखे ठिपके असतात आणि पान चुरगळले तर वास उग्र, काहीसा नकोसा येतो.

एकदा खरे झुडूप हाती लागले की पुढची रोपे फुकट मिळतात, कारण छाट कलमे सहज लागतात. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा डिसेंबरात वीस-पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या घ्याव्यात, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्यावा, दोन डोळे मातीत गाडून वरची पाने अर्धी कापून टाकावीत. तीन ते चार आठवड्यांत मुळ्या सुटतात. वरचा काप उघडा राहिला तर पावसाचे पाणी त्या मऊ गाभ्यात मुरते आणि काडी वरून खाली काळी पडत जाते. मी काप तिरका देऊन त्यावर मेणबत्तीचे मेण लावतो, तेवढ्याने काम भागते. निदान दोन वेगवेगळ्या झुडपांपासून काड्या मिळाल्या तर उत्तम, कारण हे झुडूप एकटे असताना फळ धरते खरे, पण शेजारी दुसऱ्या वाणाचे झुडूप असले की धारणा स्पष्टपणे वाढते.

गच्चीत लावताना कुंडी मोठी हवी. निळे पिंप आडवे अर्धे कापून, तळाला सात-आठ भोके पाडून वापरले तर चालते. साधारण साठ लिटरचे भांडे धरा. एवढी कुंडी ओली असताना सत्तर-ऐंशी किलो भरते, त्यामुळे ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा भिंतीलगत, विटांवर उचलून ठेवावी, नाहीतर गळतीचे खापर आपल्याच झुडपावर फुटेल आणि सोसायटीच्या बैठकीत एल्डरबेरीचे गुण समजावत बसावे लागेल. मिश्रणात दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा भाताचे तूस असावे. या झुडपाला साडेपाच ते साडेसहा सामूची, म्हणजे किंचित आम्लधर्मी जमीन मानवते आणि आपली कोकणातली लाल माती साधारण तशीच असते, तेव्हा चुना किंवा राख टाकू नये. ऐरोली, वाशी यांसारख्या खाडी भरून वसवलेल्या भागांत जमिनीत आणि बोअरच्या पाण्यात खारटपणा असतो. तिथे बाहेरून आणलेली माती आणि नळाचे पाणीच वापरावे. खताबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: पावसाआधी आणि छाटणीनंतर दोन-दोन ओंजळी शेणखत, सोबत मूठभर निंबोळी पेंड पुरेशी आहे.

पाण्याची बाजू मात्र नीट समजून घ्यावी लागते. मूळ प्रदेशात हे झुडूप ओढ्याच्या काठी आणि रस्त्याकडेच्या चरांत वाढते असे वाचून अनेकांना वाटते की ज्या ठाणे जिल्ह्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे ते सुखात राहील. घोटाळा असा की हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडे असते. एल्डरबेरीची मुळे उथळ असतात, पुष्कळशी वरच्या वीतभर मातीत पसरतात. जुलैत ती साचलेल्या, कोमट पाण्यात गुदमरतात आणि कुजतात, तर एप्रिलमध्ये वरचा थर तापला की तीच सर्वांत आधी सुकतात. म्हणून पावसाळ्यात कुंडीच्या तळाची भोके आठवड्यातून एकदा काडी घालून मोकळी करावीत आणि मातीवरचे आच्छादन काढून घ्यावे. दिवाळीनंतर पालापाचोळ्याचा चार बोटे जाड थर पुन्हा द्यावा. मार्च ते मे या काळात सकाळचे ऊन आणि दुपारी पन्नास टक्क्यांच्या हिरव्या जाळीची सावली मिळाली तर झुडूप तगते. माझे झुडूप पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या कठड्याला होते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची पाने कडेने तपकिरी होऊन कागदासारखी कुरकुरीत झाली आणि जूनमध्ये ते बुडापासून नव्याने फुटले. जागा बदलल्यावर तसे झाले नाही. फांद्या ठिसूळ असल्याने उंच इमारतीच्या वाऱ्यात त्यांना बांबूचा आधारही द्यावा लागतो.

छाटणीचे वेळापत्रक पुस्तकातले घेऊ नका. थंड देशांत झुडूप हिवाळ्याच्या अखेरीस जमिनीलगत छाटतात, मग वसंतात फुटवे, उन्हाळ्यात फुले आणि पुढे फळे असा क्रम चालतो. तोच क्रम इथे पाळला तर फुले मार्च-एप्रिलच्या तापलेल्या हवेत येतात आणि फळ न धरता झडून जातात. मी दोन वर्षे असाच झाडू मारला. नंतर मी छाटणी घटस्थापना ते दसरा या दिवसांत घेऊ लागलो. पाऊस ओसरलेला असतो, मातीत ओल असते, फुटवे जोमाने येतात, डिसेंबर-जानेवारीत पांढरट, ताटलीएवढे सपाट फुलोरे उघडतात आणि फळे फेब्रुवारी-मार्चपर्यंत काळी-जांभळी होतात. छाटताना सगळे झुडूप भुंडे न करता एक-दोन जुने दांडे राखून बाकीचे हातभर उंचीवर कापावेत. किडींपैकी पिठ्या ढेकूण आणि फेब्रुवारीनंतर येणारे लाल कोळी हे दोनच खरे त्रासदायक. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा आणि आठवड्याच्या अंतराने निंबोळी तेल एवढे नेटाने केले तर औषधाची गरज पडत नाही. फळे पिकू लागली की बुलबुल आपल्या आधी येतात, म्हणून घोसांवर जाळीची पिशवी बांधावी.

आता ज्या गोष्टीबद्दल आपण विचारले नाही, पण जी सर्वांत आधी माहीत असायला हवी, तिच्याकडे वळतो. एल्डरबेरीची पाने, देठ, साल, मुळे आणि कच्ची फळे विषारी असतात. त्यांत सॅम्ब्युनिग्रिन नावाचे द्रव्य असते आणि ते पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटते. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात त्यामागे असाच प्रकार असतो. पिकलेल्या फळातही, विशेषतः बियांत, ते थोडे राहतेच. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे काउंटीत एका मेळाव्यासाठी जमलेल्या लोकांनी तिथल्या रानटी एल्डरची फळे पाने-देठांसकट चेचून कच्चा रस काढला. तो पिऊन अकरा जण आजारी पडले आणि त्यांपैकी आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा गच्चीत नातवंडे येत असतील तर झुडूप त्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, पोकळ दांड्यांच्या शिट्ट्या किंवा नळ्या करू देऊ नका, आणि शेतावर शेळ्या असतील तर छाटलेला पाला त्यांच्यापुढे टाकू नका.

फळे वापरायची रीत याच कारणाने ठरलेली आहे. पूर्ण काळी-जांभळी झालेलीच फळे घ्यावीत. घोस धुऊन रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले की सकाळी डब्यात हलवून फळे देठांपासून सुटतात. मिरीच्या दाण्याएवढी ती फळे हाताने निवडत बसणे म्हणजे अख्खी दुपार घालवणे आहे. निवडलेली फळे थोड्या पाण्यात झाकण न ठेवता वीस-तीस मिनिटे चांगली उकळावीत, मलमलच्या फडक्यातून गाळावीत, बिया व चोथा टाकून द्यावा आणि मगच साखर घालावी. या फळात आम्ल बेताचेच असते, त्यामुळे लिंबाचा रस सढळ हाताने घालून सिरप फ्रिजमध्येच ठेवावे. लोणच्याप्रमाणे बरणीत भरून फडताळात ठेवण्याचा हा पदार्थ नव्हे. फुलांचे सरबत त्यापेक्षा सोपे आहे आणि खरे सांगायचे तर आपल्या हवेत या झुडपाकडून मिळणारी उत्तम वस्तू तीच आहे: हिरवे देठ काढून टाकलेले सात-आठ फुलोरे, लिंबाच्या चकत्या आणि कोमट पाक एक दिवस झाकून ठेवला की गाळलेल्या पाकाला एक मंद, मधासारखा वास येतो.

औषधी गुणांबद्दल दोन वाक्ये पुरेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील साठ रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत एल्डरबेरीच्या सिरपाने फ्लू लवकर बरा झाल्याचे आढळले होते, तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत तसा काही फायदा दिसला नाही. तेव्हा चव आवडते म्हणून प्यावे. ताप उतरवायला डॉक्टरांकडे जावे.

आता मुरबाडच्या वीस गुंठ्यांचा हिशेब मांडू. वीस गुंठे म्हणजे सुमारे २,०२३ चौरस मीटर. दोन झुडपांत सव्वा मीटर आणि दोन ओळींत साडेतीन मीटर असे प्रचलित अंतर धरले तर सुमारे ४६० झुडपे बसतात. थंड प्रदेशात पूर्ण वाढलेले चांगले झुडूप वर्षाला पाच ते सात किलो फळ देते, आणि हा आकडा ४६० ने गुणून लोक स्वप्ने पाहू लागतात. माझ्या झुडपाने त्याच्या सर्वांत चांगल्या वर्षी सहाशे ग्रॅम फळ दिले. शेतात, मोकळ्या जमिनीत त्याच्या तिप्पट आले असे उदारपणे मानले तरी नऊशे किलोंच्या आत सगळे आटोपते, तेही बुलबुलांनी परवानगी दिली तर.

पाण्याची बाजू त्याहून कठीण आहे. उथळ मुळांना नोव्हेंबर ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आठवड्याला निदान पंचवीस मिलिमीटर पाणी द्यावे लागेल. एका झुडपाच्या मुळांचा पसारा दोन चौरस मीटर धरला तर ते पन्नास लिटर झाले, ४६० झुडपांना आठवड्याला २३,००० लिटर आणि तीस आठवड्यांत जवळपास सात लाख लिटर. मुरबाडकडच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ गाठतात हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. मग दहा हजार लिटरचे दोन-सव्वादोन टँकर दर आठवड्याला मागवायचे आणि त्या पाण्यावर नऊशे किलो फळ काढायचे, हा व्यवहार कोणत्याही भावाला बसत नाही. त्यात ताजे एल्डरबेरी विकत घेणारा व्यापारी वाशीच्या बाजारात मला आजवर भेटलेला नाही, आणि सिरप करून विकायचे तर अन्न परवाना हवा, शिवाय बाटलीवर रोग बरा करण्याचा दावा छापता येत नाही.

त्या जमिनीत काय लावावे, तर माझे उत्तर कोकम हे आहे, आणि ते केवळ कोकणाच्या प्रेमापोटी दिलेले नाही. एल्डरबेरीच्या गडद रंगामागे मुख्यतः दोन रंगद्रव्ये असतात, सायनिडिन-थ्री-सॅम्ब्युबायोसाइड आणि सायनिडिन-थ्री-ग्लुकोसाइड. त्यांपैकी पहिल्याच्या नावात सॅम्ब्युकसचेच नाव दडलेले आहे. कोकमाच्या सालीचा लाल रंगही प्रामुख्याने याच दोन रंगद्रव्यांचा असतो, फक्त त्यांचे प्रमाण वेगळे. म्हणजे ज्या रंगासाठी दुकानातल्या बाटलीला आपण एवढे पैसे मोजतो, तो आपल्या सोलकढीत पिढ्यान् पिढ्या उतरत आला आहे. कोकम आणि एल्डरबेरी औषध म्हणून सारखे आहेत असा याचा अर्थ नाही, पण रंगीत, आंबट-गोड, पाण्यात मिसळून प्यायचे पेय करून विकायचे असेल तर दारचे झाड सोडून दूरच्या झुडपामागे जाण्याचे कारण उरत नाही. कोकमाला उन्हाळी पाणी पहिली दोन-तीन वर्षेच द्यावे लागते, त्याच्या फळाला सायनाइडची भीती नाही, आमसूल वर्षभर टिकते आणि आगळ घेणारी गिऱ्हाइके ठाण्यातच आहेत.

सहा बाय सहा मीटरवर वीस गुंठ्यांत साधारण ५५ झाडे बसतात. रोपे लावू नका, कलमेच लावा: कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, बियांपासून केलेल्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली कोकण अमृता आणि कोकण हातीस ही वाणे मागावीत, परागीकरणासाठी मधूनमधून एखादे नर झाड राहू द्यावे. जमीन उताराची वरकस असेल तर ठीक. भाताचे खाचर असेल तर आधी पाणी निघण्यासाठी चर खणावेत. ओळींमधल्या मोकळ्या जागेत पहिली चार-पाच वर्षे जूनमध्ये लाल अंबाडी पेरता येईल. ती पावसावर वाढते, दिवस लहान झाले की फुलते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तिची लाल, मांसल बोंडे सरबत व जेलीसाठी काढता येतात. बांधावर करवंदाचे कुंपण घातले तर गुरांचाही बंदोबस्त होईल.

खड्डे एप्रिल-मेमध्ये साठ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल काढून उन्हात तापू द्यावेत, आणि मृगाच्या दोन-तीन चांगल्या सरी पडून जमिनीला वाफसा आला की कलमे लावावीत. पहिल्या वर्षी कलमांना दक्षिण-पश्चिमेकडून झापांची सावली करावी लागेल. कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे दर पंधरा दिवसांनी खुडायला विसरू नका, कारण ते जोर धरतात तेव्हा वरची कलमकाडी मागे पडते आणि शेवटी आपल्याकडे पुन्हा रोपच उरते.